चोकपॉइंटवरची खुर्ची

१९७० साली सुझन स्ट्रेंज नावाच्या बाईंनी लंडनमध्ये एक लेख लिहून तक्रार केली, की अर्थशास्त्राची मंडळी आणि आंतरराष्ट्रीय संबंधांची मंडळी एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यानंतर दोघं बोलू लागली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तिसऱ्याच काही मंडळींनी ‘ही दोघं बोलत का नाहीत’ याचा अभ्यास सुरू केला. त्या अभ्यासाला नियतकालिकं मिळाली, परिषदा मिळाल्या, प्राध्यापकांच्या जागा निघाल्या, आणि बघता बघता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राचे सिद्धांत’ असा चार क्रेडिटचा पेपर तयार झाला. तो पेपर मी घेतला आहे. निवृत्तीनंतर. सूनबाई शेजाऱ्यांना सांगतात, ‘बाबांनी शेअर मार्केटचा क्लास लावलाय.’ त्यात शेजाऱ्यांचंही समाधान होतं आणि माझाही वेळ वाचतो.

नोकरीची सगळी हयात मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात, फोर्टमध्ये काढली. एल.सी. म्हणजे पतपत्रं उघडणं, निर्यातीची बिलं डिस्काउंट करणं आणि परदेशी निघालेल्या माणसाला ‘एवढे मिळणार नाहीत’ हे शांतपणे सांगणं, ही माझी कामं. अमेरिकेतल्या मराठी लोकांची एक पिढी अजून ‘खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो’ या वाक्याशिवाय स्वतःची गोष्ट सुरू करत नाही. ते आठ डॉलर मोजून देणारे साहेब माझे वरिष्ठ होते. त्यांना त्याबद्दल अजून कोणी धन्यवाद दिलेले नाहीत.

वर्गातली बाकीची मुलं बावीस-तेवीस वर्षांची. ती मला ‘काका’ म्हणतात, आणि माझं तिथलं स्थान विद्यार्थ्याचं कमी, पुराव्याचं जास्त आहे. मॅडम जॉन रगीचा १९८२ चा लेख शिकवत होत्या, तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं. रगीचं म्हणणं असं, की दुसऱ्या महायुद्धानंतर देशांनी व्यापार मोकळा केला खरा, पण भांडवलाला लगाम ठेवला. कारण सरकारांना घरच्या माणसांचे रोजगारही सांभाळायचे होते. बाजार समाजात रुतलेला असावा लागतो, तो उपटून मोकळा सोडला की समाज उलट धाव घेतो, हे कार्ल पोलान्यीनं १९४४ मध्ये सांगून ठेवलेलं. रगीनं तेच पुढे नेलं आणि त्याला ‘एम्बेडेड लिबरलिझम’ असं भारदस्त नाव दिलं. मॅडमनी उदाहरण म्हणून परकीय चलनावर लगाम ठेवणारा आपल्याकडचा १९७३ चा फेरा कायदा काढला. सगळी मान वळवून माझ्याकडे पाहू लागली. ‘काका, म्हणजे तुम्ही एम्बेडेड लिबरलिझम प्रॅक्टिकली केलाय?’ केलाय म्हणालो. आम्ही त्याला फॉर्म ए-टू म्हणायचो.

या विषयात पहिल्या आठवड्यातच पंथ निवडावा लागतो. रॉबर्ट गिल्पिननं १९८७ च्या पुस्तकात तीन पंथ आखून दिले: उदारमतवादी, राष्ट्रवादी आणि मार्क्सवादी. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक वर्गात मुलं तीन रांगांत बसतात. आमच्या वर्गातला उदारमतवादी एका निर्यातदाराचा मुलगा आहे; चिनी मालाचा विषय निघाला की तेवढ्यापुरता तो राष्ट्रवादी होतो. मार्क्सवादी मुलगी हॉस्टेलवर राहते आणि मेसच्या बिलाचं तिचं विश्लेषण खरोखरच वाचनीय आहे. यूपीएससीची तयारी करणारा मुलगा तिन्ही पंथांचा आहे, प्रत्येकाला दीडशे शब्द.

उदारमतवाद्यांचा मूळ पुरुष डेव्हिड रिकार्डो. त्याचं १८१७ चं उदाहरण अजून फिरतंय. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालला त्याच कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल वरचढ. तरीही रिकार्डो सिद्ध करतो, की पोर्तुगालनं फक्त वाइन करावी, कापड इंग्लंडकडून घ्यावं, आणि त्यात दोघांचंही भलं आहे. गणित तपासून पाहा, चोख बसतं. इतकं देखणं गणित मी बँकेत पाहिलं असतं तर लगेच ऑडिटला कळवलं असतं. कारण वाइन आणि कापड त्या दिशांना वाहत होतं ते गणितामुळे नाही. १७०३ साली दोन्ही देशांत मेथ्युएन तह झाला होता. इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालनं दार उघडायचं, आणि पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यायची, असा सौदा. तहामागे इंग्लंडचं आरमार. रिकार्डो स्वतः लंडनच्या शेअर बाजारातला यशस्वी दलाल. त्यानं आयुष्यात ना कापड विणलं ना द्राक्षं तुडवली, आणि दोन्ही मालांचं काय व्हावं हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नाही.

राष्ट्रवादी पंथाला पहिल्यापासून इंग्रजांचा हाच राग. फ्रेडरिक लिस्ट हा जर्मन गृहस्थ १८४१ च्या पुस्तकात म्हणतो, की इंग्लंड शिडीवरून वर चढलं आणि आता शिडी लाथाडून खालच्यांना मुक्त व्यापाराचे गुण सांगतंय. हा माणूस अमेरिकेत राहून आलेला. तिथे अलेक्झांडर हॅमिल्टननं १७९१ मध्येच नव्या उद्योगांना सांभाळून घेण्याचा अहवाल लिहिला होता. म्हणजे आज ज्या देशाची विद्यापीठं मुक्त व्यापार शिकवतात, त्या देशानं संरक्षण कसं करायचं हे जर्मनांना शिकवलं. मार्क्सवादी मुलीनं यावर टाळ्या वाजवल्या. उदारमतवादी मुलानं ‘तो काळ वेगळा होता’ असं म्हटलं. प्रत्येक पंथाकडे हे वाक्य राखीव असतं.

इथे माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. कारण ज्या १८४१ साली लिस्टचं पुस्तक निघालं, त्याच साली भास्कर पांडुरंग तर्खडकर मुंबईत ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीनं पत्रं लिहून, इंग्रज या देशाची संपत्ती कशी उपसून नेत आहेत हे इंग्रजांनाच त्यांच्या भाषेत ऐकवत होते. पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणाऱ्या दादाभाई नौरोजींनी त्या उपशाचा हिशेब मांडला. १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. त्याच वर्षी पुण्यात डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, आणि लिस्टचं नाव घेऊन सांगितलं, की इंग्लंडच्या पुस्तकातले नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आमच्या वाचनयादीत लिस्ट आहे. रानडे नाहीत, दादाभाई नाहीत, तर्खडकर तर नाहीतच. हे मी वर्गात उभं राहून, जरा आवाज चढवूनच सांगितलं. मॅडमचा चेहरा उजळला. ‘काका, तुम्हाला गॅप सापडली!’

प्रगत अभ्यासाची हीच गंमत आहे. ज्ञान सापडून काही उपयोग नाही, गॅप सापडावी लागते. मुलं दिवसभर ग्रंथालयात गॅप शोधत असतात, आणि कोणाला सापडली तर बाकीची त्याच्याकडे लॉटरी लागल्यासारखी पाहतात. पुण्यात मांडलेला विचार पुढची सव्वाशे वर्षं कोणी वाचनयादीत घेतला नाही, ही माझ्या दृष्टीनं दुर्दैवाची गोष्ट; विषयाच्या दृष्टीनं ती संशोधनाची सुवर्णसंधी.

माझा स्वतःचा आवडता सिद्धांत म्हणजे वर्चस्वातून स्थैर्य. चार्ल्स किंडलबर्गर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७३ साली महामंदीवर पुस्तक लिहिलं. १९२९ नंतरची मंदी इतकी चिघळली, कारण जगाचा भार उचलायची ब्रिटनमध्ये ताकद उरली नव्हती आणि अमेरिकेला इच्छा नव्हती, असा त्याचा निष्कर्ष. कोणीतरी एकानं पडत्या काळात आपली बाजारपेठ उघडी ठेवावी लागते, अडलेल्याला कर्ज द्यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष हेच करतो. वर्गणी कमी पडली की उरलेले पैसे तो खिशातून भरतो. तो भरतो हे माहीत असल्यामुळे पुढच्या वर्षी वर्गणी आणखी कमी पडते. आणि या सगळ्याच्या बदल्यात स्पीकरचं तोंड कोणाच्या खिडकीकडे करायचं, हे तो ठरवतो. किंडलबर्गर पहिल्या दोन गोष्टींबद्दल लिहितो. स्पीकरबद्दल बाकीचं जग लिहितं.

आता हा सिद्धांत अमेरिकेत बहरला कधी? १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सननं डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं, मग तेलाचे भाव चौपट झाले, मग जपानी मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. आपण घसरतोय अशी अमेरिकेला धास्ती वाटली आणि तिथल्या विद्यापीठांना शोध लागला, की अमेरिका घसरली तर जगाचं कसं होणार! १९८४ मध्ये रॉबर्ट कोहेननं धीर दिला, की दादा देश खाली आला तरी त्यानं उभ्या केलेल्या संस्था सहकार्य टिकवून धरू शकतात. १९८७ मध्ये स्ट्रेंजबाईंनी लिहून टाकलं, की अमेरिका घसरलीय हीच मुळात दंतकथा आहे. पैसा, सुरक्षा, उत्पादन, ज्ञान, सगळ्यांच्या चाव्या अजून तिच्याच कमरेला आहेत.

या बाई मला फार आवडतात. आधी पत्रकारिता केली, सहा मुलं वाढवली, आणि मग दोन्ही शास्त्रांना वाढवायला घेतलं. १९८२ साली ‘इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन’ या अमेरिकी नियतकालिकानं ‘रेजीम’ या कल्पनेवर खास अंक काढला. स्टीफन क्रॅस्नरनं त्यात व्याख्या दिली: तत्त्वं, संकेत, नियम आणि निर्णयप्रक्रिया यांचा असा संच, की ज्याभोवती सगळ्यांच्या अपेक्षा जुळून येतात. ही व्याख्या आम्हाला तोंडपाठ लागते. त्याच अंकात स्ट्रेंजबाईंचाही लेख आहे. जुन्या नकाशांवर अनोळखी मुलखात राक्षस काढत, तसा इशारा शीर्षकातच देऊन त्यांनी ‘रेजीम’ची कल्पना फॅशनेबल, धूसर, पक्षपाती, गोठलेली आणि सरकारांपलीकडे न पाहणारी आहे असे पाच दोष काढले. ज्या अंकाचा विषय त्यांनी निकालात काढला, त्याच अंकानं तो लेख छापला. आमच्या बँकेच्या गृहपत्रिकेत असं कधी घडल्याचं स्मरत नाही.

मार्क्सच्या अंगणातल्या लोकांबद्दल थोडक्यात सांगतो. इमॅन्युएल वॉलरस्टीननं १९७४ पासून जगाचे तीन भाग केले: केंद्र, परीघ आणि निमपरीघ. यातला निमपरीघ फार सोयीचा. जो देश कुठेच बसत नाही तो तिथे टाकता येतो. लॅटिन अमेरिकेचे लोक मला जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांच्यातला राऊल प्रेबिश हा मुळात अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचा माणूस. परकीय चलनाची टंचाई त्यानं पुस्तकात वाचलेली नव्हती, रोज सकाळी टेबलावर पाहिली होती. धान्य-मांस विकून यंत्रं घेणाऱ्या देशाला दर पिढीत जास्त धान्य द्यावं लागतं, हा त्याचा सिद्धांत त्या टेबलावरून निघाला. आणि फर्नांडो एन्रिके कार्डोसो! १९६९ मध्ये परावलंबनावर गाजलेलं पुस्तक लिहिणारा हा समाजशास्त्रज्ञ १९९५ मध्ये ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्या कारकिर्दीत सरकारी खाण कंपनी आणि दूरसंचार कंपनी विकली गेली. वर्गात यावर दोन तास भांडण झालं. मला यात विशेष काही वाटलं नाही. युनियनचे किती नेते पुढे झोनल मॅनेजर झालेले मी पाहिले आहेत.

या सगळ्यांवर कडी केली रॉबर्ट कॉक्सनं. आयुष्याची जवळजवळ पंचवीस वर्षं त्यानं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी केली, आणि १९८१ मध्ये लिहिलं, की कुठलाही सिद्धांत कोणासाठी तरी आणि कशासाठी तरीच जन्माला येतो. त्याला हे इतक्या वर्षांच्या सरकारी बैठकांतून कळलं असणार. ते शिकवल्यापासून आमच्या वर्गात चर्चा करणं अवघड झालंय. कोणी काही बोललं की दुसरा विचारतो, ‘हे तू कोणासाठी म्हणतोयस?’ यूपीएससीवाला म्हणाला, ‘परीक्षकासाठी.’ त्या तासाला एवढं एकच प्रामाणिक उत्तर आलं.

मग ब्रेटन वूड्सचा तास आला. युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवायला १९४४ च्या जुलैत तिथल्या हॉटेलात ४४ देश जमले, त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून आपले चिंतामणराव देशमुख होते. रायगड जिल्ह्यातला माणूस नव्या जगाच्या तिजोरीची घटना लिहिणाऱ्या मंडळींत बसला होता, हे ऐकून मुलं थक्क झाली. मला त्यातला दुसराच तपशील भावला. युद्धाचा खर्च उधारीवर भागवून ब्रिटननं हिंदुस्थानचं प्रचंड देणं करून ठेवलं होतं. आपल्या लोकांनी त्या पौंडांचा विषय काढला. ब्रिटनच्या बाजूनं बोलणाऱ्या केन्सनं अत्यंत सभ्य शब्दांत सांगितलं, की ते आपण दोघं नंतर पाहू. देणेकरी व्यासपीठावर आणि घेणेकरी समोरच्या खुर्च्यांवर, असा देखावा मी बँकेत फार मोठ्या थकबाकीदारांच्या बाबतीतच पाहिला आहे.

मग सेमिस्टरच्या शेवटी हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन आले. त्यांचा २०१९ चा लेख म्हणतो, की जग एकमेकांशी जोडलं गेलं म्हणजे समान झालं असं नाही. पैशाचे आणि माहितीचे सगळे रस्ते थोड्याच नाक्यांवरून जातात. ज्याच्या ताब्यात नाके, तो दोन गोष्टी करू शकतो: जाणाऱ्या-येणाऱ्यावर नजर ठेवू शकतो किंवा रस्ता बंद करू शकतो. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी ‘चोकपॉइंट’ म्हटलंय. उदाहरण स्विफ्टचं. बेल्जियममधली ही संस्था बँकांचे निरोप इकडून तिकडे नेते. २०१२ मध्ये तिनं इराणच्या बँका तोडल्या, २०२२ मध्ये रशियाच्या काही बँका. एल.सी. उघडायचा एम.टी. ७०० हा निरोप मी किती वेळा पाठवला असेल! म्हणजे इतकी वर्षं मी चोकपॉइंटवर बसलो होतो. मला वाटायचं, एसी बंद असल्यामुळे गुदमरतंय.

इराणचं तेल मात्र त्या काळातही आपल्याकडे येत राहिलं. त्याचे काही पैसे रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेत जमा होऊ लागले, कारण तिचे पाश्चात्त्य देशांशी फारसे व्यवहार नव्हते. जगाशी संबंध कमी, ही बँकेची पात्रता ठरण्याचा इतिहासातला हा बहुधा एकमेव प्रसंग. यावर लिहायला कोणाला गॅप हवी असेल तर मोकळी आहे.

टर्म पेपरसाठी मी स्वतः कांदा घेतला. माझा मामेभाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो आणि लासलगावच्या लिलावात विकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला किमान ८०० डॉलर अशी निर्यात किंमत बांधली आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. बंदी ३१ मार्चला संपायची, ती वाढवली. शेवटी ४ मे २०२४ ला उठली, टनाला ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्काची अट ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं.

वर्गात मांडणी केली तेव्हा सगळे पंथ तुटून पडले. कोणी रॉबर्ट पुटनमचा १९८८ चा लेख काढला: सरकार एकाच वेळी दोन टेबलांवर पत्ते खेळतं, एक परक्यांशी, एक घरच्यांशी. दिल्लीत कांदा खाणाऱ्याचं मत आणि निफाडात पिकवणाऱ्याचं मत, दोन्ही सांभाळताना तारखा अशाच पडणार. राष्ट्रवादी रांगेतून आवाज आला, की बंदीच्या काळातही बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा सोडला होता, तेव्हा हा व्यापार नसून परराष्ट्रधोरण आहे. उदारमतवाद्यानं किमतींचा आलेख दाखवला. रोनाल्ड रोगोव्स्कीच्या १९८९ च्या पुस्तकाप्रमाणे, देशात जे भरपूर आहे त्याच्या मालकाला खुल्या व्यापाराचा फायदा होतो, म्हणून शेतकरी एका बाजूला असायला हवा आणि ग्राहक दुसऱ्या. मी सांगितलं, की माझा मामेभाऊ एप्रिलमध्ये कांदा विकतो आणि त्याचीच बायको दिवाळीच्या आत कांदा विकत आणते. रोगोव्स्कीच्या तक्त्यात त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत बसवायचं तर घटस्फोट करावा लागेल.

रात्री भावाला फोन करून ही सगळी चर्चा ऐकवली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘दादा, ते सगळं राहू दे. बंदी बरोबर होती का चूक, तेवढं सांग ना.’

मी म्हणालो, ‘तू कुठल्या चौकटीतून विचारतोयस, त्यावर आहे.’

‘मी चाळीतून विचारतोय,’ तो म्हणाला. कांद्याच्या. निवड चालू होती.

मग त्याचं त्यानंच सांगायला सुरुवात केली. बंदी आली तेव्हा शेतात लाल कांदा होता, आणि तो उन्हाळ कांद्यासारखा साठवून ठेवता येत नाही. बंदी उठेपर्यंत थांबायचं म्हणजे सडवायचा. तेवढ्यात आखातात आणि मलेशियात पाकिस्तानचा कांदा पोचला. बंदी उठली म्हणून गेलेला खरेदीदार दुसऱ्या दिवशी परत येत नसतो. ‘त्याला आपल्या कांद्याची खात्री आहे रे,’ भाऊ म्हणाला, ‘आपल्या सरकारची नाही. आज दार उघडं, उद्या बंद. तो म्हणतो, रुपया जास्त गेला तरी चालेल, पण दर महिन्याला येणारा माल दे.’

हे मी शब्दशः पेपरात घातलं. ‘मुलाखत, कांदा उत्पादक, निफाड’ अशी तळटीपही दिली. मुलांना माझा हेवा वाटला. प्रायमरी डेटा फोनवर, तोही नात्यातला! मार्क्सवादी मुलीनं भावाचा नंबर मागितला. उदारमतवाद्यानंही मागितला. भावाला आता दोन्ही पंथांचे फोन येतात आणि दोघांनाही तो त्यांच्या बाजूचाच वाटतो.

मॅडमनी ‘विश्वासार्ह हमीचा प्रश्न’ असं भावाच्या बोलण्याच्या बाजूला लाल पेनानं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शेवटी शेरा होता: अनुभवजन्य सामग्री उत्तम, सैद्धांतिक चौकट कमकुवत. बी प्लस.

मी भावाला तो शेरा वाचून दाखवला. सामग्री म्हणजे काय आणि चौकट म्हणजे काय, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं.

‘कळलं,’ तो म्हणाला. ‘माल माझा चांगला होता. गोण्या तुझ्या फाटक्या निघाल्या.’